टॉर्टिया आधी, बाकी मग

मेक्सिकन रेस्टॉरंटमध्ये बसलं की पहिल्यांदा समोर येतात ते मक्याचे तळलेले त्रिकोणी तुकडे आणि वाटीभर साल्सा, म्हणजे मिरचीची पातळ चटणी. ही फुकटची टोपली अमेरिकेतल्या मेक्सिकन रेस्टॉरंटांनी रुळवली. भूक लागलेली असते, हात आपोआप जातो आणि ऑर्डर द्यायच्या आत निम्मं पोट भरतं. खाऊ नका असं कोण म्हणेल? पण या तुकड्यांवरून स्वयंपाकघराबद्दल फारसं कळत नाही. त्यांच्यावर वेडेवाकडे फोड असतील, जाडी कमीजास्त असेल, तर ते तिथेच टॉर्टिया, म्हणजे मक्याची पातळ गोल पोळी, कापून तळलेत. सगळे एका मापाचे, एका रंगाचे असतील तर पिशवीतले. पण तिथेच तळलेले असले तरी ते आदल्या दिवशीच्या टॉर्टियाचे असतात, आणि असायलाच हवेत. ताज्या टॉर्टियात पाणी जास्त असतं. ती तळली की तेल पिते आणि चिवट होते. थोडक्यात, शिळेपण तिथे गुण ठरतो, आणि तळण उरलेले दोष झाकून टाकतं.

परीक्षा घ्यायची ती मऊ टॉर्टियाची. मेन्यू चाळण्याआधी एकच प्रश्न विचारावा: टॉर्टिया इथेच करता का, आणि मका भिजवून दळता की तयार पिठाच्या करता? उत्तर काहीही आलं तरी बिघडत नाही. पण असं कुणी विचारतं याचाच आनंद होऊन वाढणारा खुलला, दोन वाक्यं जास्त बोलला, तर समजावं की आत कुणीतरी या कामात जीव घालतंय. ‘म्हणजे?’ असा चेहरा झाला तर टाको, म्हणजे सारण घालून दुमडलेली टॉर्टिया, मागवण्यात फारसा अर्थ नाही. रस्सा किंवा भातावरचा एखादा पदार्थ बघावा.

हे टॉर्टियाचं एवढं प्रस्थ का, ते समजण्यासाठी आधी मक्याकडे जावं लागतं. वाळलेला मका दळून पाण्यात मळला तर त्याला चिकटपणा येत नाही. पातळ थापायला जावं तर कडा फाटतात, उचलायला जावं तर तुटतो. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या लोकांनी यावर किमान तीन हजार वर्षांपूर्वी उपाय शोधला: मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा. चुना म्हणजे खाण्याचाच, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. या क्रियेतून निघालेल्या मक्याला ‘निश्तामाल’ म्हणतात. शब्द मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांच्या नाहुआत्ल भाषेतला, राख किंवा चुना या अर्थाच्या शब्दाला तामालचं (मक्याच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ) शेपूट लागून झालेला.

प्रमाण सोपं आहे. एक किलो वाळलेल्या मक्याला साधारण तीन लिटर पाणी आणि दहा ग्रॅम चुना. पाण्याला बारीक उकळी ठेवून मका अर्धा-पाऊण तास शिजवायचा. एक दाणा काढून बोटांत चोळावा. साल सुटून आली आणि दाणा दाताखाली फोडल्यावर मध्ये अजून पांढरा, पिठूळ ठिपका दिसला की आच बंद. मग त्याच पाण्यात रात्रभर, आठ ते बारा तास मुरवायचा. सकाळी पिवळट, दाट झालेलं पाणी (त्याला ‘नेहायोते’ म्हणतात) ओतून द्यायचं आणि मका दोन-तीनदा धुवायचा.

या धुण्यातच पुष्कळ गोष्टी बिघडतात. कमी धुतला तर टॉर्टियाला साबणासारखी चव येते, कडवटपणा राहतो. हौसेने रगडून रगडून, पाणी स्वच्छ होईपर्यंत धुतला, तर सालीचा जो विरघळलेला चिकट भाग पिठाला बांधून ठेवतो तोच निघून जातो आणि सगळी रात्र फुकट. जास्त शिजला तर दळताना खळ होते, पोळपाट सोडेना अशी. कमी शिजला तर पीठ रवाळ राहतं. म्हणून भिजवलेल्या मक्याची टॉर्टिया करणारं रेस्टॉरंट म्हणजे रोज आदल्या रात्री उद्याच्या गिऱ्हाइकांचा अंदाज बांधणारं रेस्टॉरंट. ते काम कुणी हौसेखातर करत नाही.

चुना दोन कामं करतो. साल आणि पेशींच्या भिंतींमधला हेमिसेल्युलोज विरघळवतो, त्यामुळे पीठ बांधलं जातं. आणि मक्यात अडकून पडलेलं नायसिन हे जीवनसत्त्व मोकळं करतो, ते मग शरीराला मिळतं. मका युरोपात गेला तेव्हा दाणे गेले, चुन्याची पद्धत गेली नाही. उत्तर इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला: कातडी सोलवटते, जुलाब लागतात, बुद्धी भ्रमते. कारण होतं नायसिनची कमतरता. २०१० साली युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा त्या नोंदीतही या निश्तामालाचा उल्लेख आवर्जून आहे. चिमूटभर चुन्याला एवढा मान मिळाला ते योग्यच झालं.

दळलेल्या ओल्या पिठाला स्पॅनिशमध्ये ‘मासा’ म्हणतात. पाण्यात पोहणाऱ्याचा इथे काही संबंध नाही, पण मराठीत वाचताना दर वेळी ठेच लागते, म्हणून इथे नुसतं पीठच म्हणू. पूर्वी ते ‘मेताते’ नावाच्या उतरत्या पाट्यावर, ज्वालामुखीच्या दगडावर, गुडघे टेकून वाटत. आता गिरणीत दगडी चाकांमध्ये दळतात. मिक्सरमध्ये तो पोत येत नाही; फिरवायला पाणी जास्त घालावं लागतं आणि दाणा कापला जातो, चिरडला जात नाही. हेच पीठ वाळवून, पुडक्यात भरून विकायचं असं तयार कोरडं पीठही मिळतं. ‘मासेका’ हा त्यातला सगळ्यांत ओळखीचा छाप, १९४९ साली मेक्सिकोच्या नुएवो लेओन राज्यात सुरू झालेल्या कंपनीचा. तयार पिठाला नाक मुरडणारे पुष्कळ. माझ्या मते पुडक्यातल्या पिठाची, पण समोर भाजलेली गरम टॉर्टिया ही कारखान्यातून आलेल्या गार टॉर्टियापेक्षा कितीतरी पटीने बरी. भिजवलेल्या मक्याच्या टॉर्टियाला जो वास असतो, ओल्या मातीसारखा, किंचित चुनखडीचा, तो मात्र पुडक्यात पुरता उतरत नाही.

तयार पिठाचं प्रमाणही सांगून ठेवतो, कारण एकदा स्वतःच्या हाताने केली की रेस्टॉरंटमधली टॉर्टिया कुठे चुकली ते लगेच कळतं. २५० ग्रॅम पिठाला साधारण ३५० मिलिलिटर कोमट पाणी, अर्धा चमचा मीठ. मळून ओल्या फडक्याखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं. मग ३० ग्रॅमचा गोळा घेऊन अंगठ्याने दाबायचा. कडेला भेगा पडल्या तर पाणी कमी. चमचा-चमचा करत घालावं. अंगठ्याला पीठ चिकटून आलं तर पाणी जास्त झालं. दोन प्लास्टिकच्या तुकड्यांमध्ये ठेवून दाबयंत्राने सुमारे १३ सेंटिमीटरची चकती करायची. पहिल्यांदा करणारे इथे जोर लावतात आणि मध्ये कागद, कडेला गादी अशी चकती होते. एकदा हलकं दाबून, अर्धा फेरा फिरवून पुन्हा दाबलं की जाडी सारखी येते.

तवा कडकडीत हवा, अडीचशे अंश सेल्सियसच्या आसपास. चकती टाकल्यावर पंधरा-वीस सेकंदांत कडा सुटायला लागतात, लगेच उलटायची. दुसरी बाजू पाऊण मिनिट ते मिनिटभर, खाली तपकिरी ठिपके येईपर्यंत. मग पुन्हा उलटायची, मध्यावर बोटांच्या टोकांनी हलकेच टेकवायचं, आणि ती फुगते. का फुगते? दोन्ही पृष्ठभाग भाजून बंद झालेले असतात आणि आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडायची वाट शोधतं. पहिल्यांदा उलटायला उशीर झाला की वरचा भाग वाळून त्याला बारीक चिरा पडतात, वाफ तिथून निसटते, आणि टॉर्टिया चपटीच राहते. तवा मंद असेल तर ती भाजण्याऐवजी वाळते आणि चामडं होते. बहुतेक चुका या दोनच.

तव्यावरून काढल्यावरही काम संपत नाही. टॉर्टिया एकावर एक रचून कापडात गुंडाळून टोपलीत दहा मिनिटं ठेवायच्या. स्वतःच्याच वाफेत त्या मऊ पडतात. तव्यावरून थेट ताटात आलेली टॉर्टिया किंचित कडक, थोडी कच्च्या चवीची लागते. कापडाची टोपली दिसली की बरं वाटावं ते याच कारणाने. उलट गार होत गेली की पिठातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि ती मोडायला लागते. फ्रिजमध्ये तर फारच लवकर.

आता टेबलावर करायची तपासणी. टॉर्टिया हातात घेऊन अर्धी दुमडा. घडीवर पांढरी रेघ आली किंवा चीर गेली तर ती शिळी आहे किंवा नुसती कोमट केलेली. दुमडून सोडल्यावर आळसावल्यासारखी हळूहळू उघडली तर ताजी. मग सुरळी करून काहीही न लावता एक घास खायचा. चवीला मका लागला पाहिजे. नुसतं मऊ, गोडसर आणि बेचव लागलं तर पुढचं सगळं जेवण साल्साच्या भरवशावर आहे हे ओळखून असावं.

गव्हाच्या टॉर्टियाचा हिशेब वेगळा. स्पॅनिश लोकांबरोबर गहू आला आणि मेक्सिकोच्या कोरड्या उत्तर भागात रुजला. सोनोरा राज्यात अर्धा मीटर रुंदीच्या, पलीकडचं दिसेल इतक्या पातळ टॉर्टिया करतात. त्यामुळे गव्हाची टॉर्टिया म्हणजे परदेशी भेसळ, असं मानणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं. मात्र तिच्यात परंपरेने डुकराची चरबी असते. न खाणाऱ्यांनी विचारून घ्यावं.

टॉर्टिया पटली की टाको मागवावेत, पण एका वेळी दोन किंवा तीनच. सहा टाको एकदम मागवले की चौथ्यापर्यंत टॉर्टिया गार, रस झिरपलेला आणि तळ फाटलेला. मेक्सिकोतल्या टाकोच्या गाडीवर लोक उभ्याने खातात, संपले की आणखी दोन मागतात आणि शेवटी किती खाल्ले ते सांगून पैसे देतात. ताटलीवर प्लास्टिकची पिशवी चढवलेली असते. खाणं झालं की पिशवी काढून टाकायची, ताटली पुढच्याला. ‘कोन तोदो?’ असं विचारलं तर त्याचा अर्थ ‘सगळं घालू?’ आणि सगळं म्हणजे बहुतेकदा बारीक चिरलेला पांढरा कांदा आणि कोथिंबीर, एवढंच. लेट्यूस, किसलेलं पिवळं चीज आणि टोमॅटोचे तुकडे घातलेला कुरकुरीत कवचाचा टाको हा सीमेच्या उत्तरेकडचा, अमेरिकेतला.

मेक्सिको सिटीतल्या सान राफाएल भागात ‘एल कालिफा दे लेओन’ नावाचं टपरीवजा दुकान आहे, १९६८ पासूनचं. मे २०२४ मध्ये त्याला मिशेलिन या रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या मार्गदर्शकाचा एक तारा मिळाला. मेन्यूत चार टाको, सगळे गोमांसाचे किंवा डुकराच्या मांसाचे. पातळ कापलेलं मांस तापलेल्या पोलादी पत्र्यावर टाकायचं, त्यावर मीठ आणि लिंबू, शेजारी तेव्हाच भाजलेली टॉर्टिया, आणि हवा तर साल्सा. झालं. बसायला जागा नाही. टॉर्टिया ताजी असेल तर तिच्यात काय काय घालावं लागत नाही, हे त्या चार ओळींच्या मेन्यूवरून कळतं.

खाण्याची रीत म्हटली तर साधी, पण पहिल्यांदा खाणारे हमखास चुकतात. टाको तोंडाकडे उभा आणायचा नाही. सगळं मागून सांडतं. तो आडवा धरायचा, अंगठा आणि दोन बोटांनी वरून चिमटीत, करंगळीने मागची बाजू जराशी उचलून, आणि आपण मान वाकडी करून त्याच्याकडे जायचं. अंग ताटलीवर झुकलेलं हवं, कारण रस गळणारच. लिंबू आधी, साल्सा नंतर; उलट केलं तर लिंबाच्या धारेने साल्सा वाहून जातो. आणि काटा-चमचा कृपा करून टाकोपासून लांब ठेवावा.

‘आल पास्तोर’ टाको मागवायचा तर आधी मान उंचावून आत बघावं. डुकराच्या मांसाचे पातळ काप वाळलेली गुआहियो मिरची, आचियोते म्हणजे लाल रंग देणाऱ्या बिया, व्हिनेगर आणि लसूण यांत मुरवून उभ्या सळईवर भोवऱ्यासारखे रचतात. स्पॅनिशमध्ये तिला ‘त्रोंपो’, म्हणजे भोवराच म्हणतात. लेबनॉनहून आलेल्या लोकांनी शावर्मा आणला, पुएब्ला शहरात त्याचे ‘ताकोस आराबेस’ (अरबी टाको) झाले आणि पुढे मेक्सिको सिटीत त्याला मिरचीचा मसाला आणि डोक्यावर अननस मिळाला. आचेसमोर फिरणाऱ्या भोवऱ्याचा बाहेरचा थर खरपूस झाला की तेवढाच पातळ सुरीने उतरवायचा, आणि वरच्या अननसाची चकती हवेत उडवून टॉर्टियात झेलायची. ही शेवटची करामत झाली नाही तरी चव तीच.

बिघडतं ते गर्दीत. गिऱ्हाईक वाढलं की कारागीर थर खरपूस व्हायच्या आधीच खोलवर कापतो, आणि मग तव्यावर परतून भरपाई करतो. असं मांस वाफाळलेलं, मऊ आणि एकसारखं लागतं. कडेचा जळका कुरकुरीतपणा नाही. मुरवणीत अननसाचा रस घालून रात्रभर ठेवला तरी गोंधळ होतो, कारण अननसातलं ब्रोमेलिन मांसाचे तंतू तोडतं आणि लगदा करतं. पुष्कळ ठिकाणी जागेअभावी उभी सळई नसतेच, सगळं तव्यावरच होतं. तेही चांगलं लागू शकतं, पण मग तो मसालेदार मांसाचा टाको समजून खावा. त्रोंपो हा मेक्सिकोतही मुख्यतः संध्याकाळनंतरचा प्रकार. दुपारी दोनला तो नुकताच पेटवलेला असतो.

साल्साकडे वळताना एक गैरसमज आधी दूर करायला हवा. लाल तिखट आणि हिरवा सौम्य, असं काही नाही. सेरानो मिरचीचा कच्चा हिरवा साल्सा कित्येकदा लालपेक्षा झणझणीत असतो. सगळ्यांत फसवा म्हणजे मऊ, फिकट हिरवा, दाट साल्सा. लोक तो अवोकाडोचा समजून चमचाभर ओततात. त्यात अवोकाडो मुळीच नसू शकतो. हालापेन्यो मिरची आणि तेल एकत्र घुसळून मेयोनेझसारखं दाट केलेलं असतं. प्रत्येक साल्साचा एक थेंब टॉर्टियाच्या तुकड्यावर टाकून आधी चाखावा आणि मगच टाकोवर घ्यावा.

हिरव्या साल्साचा जीव ‘तोमातिओ’ या फळात असतो. कागदी आवरणातलं, रसभरीच्या कुळातलं, आंबट. हिरवा टोमॅटो नव्हे, आणि तो घालून केलेला साल्सा लगेच ओळखू येतो: पाणचट आणि नुसताच आंबट. अर्धा किलो तोमातिओ, दोन-तीन सेरानो, पाव कांदा, एक लसूण पाकळी, मूठभर कोथिंबीर, चमचाभर मीठ, असं ढोबळ प्रमाण. तोमातिओ उकळत्या पाण्यात रंग पोपटीचा शेवाळी होईपर्यंतच ठेवायचे. फुटेपर्यंत उकळले की गर पाण्यात जातो आणि साल्सा पचपचीत होतो. या फळात पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा पदार्थ, भरपूर, त्यामुळे बरा झालेला हिरवा साल्सा फ्रिजमध्ये जेलीसारखा थिजतो. थिजलेला दिसला तर तो खराब झाला असं समजू नये. चमचाभर पाणी घालून ढवळला की पूर्ववत.

लाल साल्सात वाळलेल्या मिरच्या, आणि मेक्सिकन स्वयंपाकात मिरची वाळली की तिचं नाव बदलतं. पोब्लानो वाळली की आंचो. पिकलेला हालापेन्यो धुरावर वाळवला की चिपोत्ले. चिलाका वाळली की पासिया. मेन्यूत ही नावं वेगवेगळी दिसतात तेव्हा निरनिराळी झाडं डोळ्यांसमोर आणायची गरज नाही. वाळलेली मिरची तव्यावर एका बाजूने दहा-पंधरा सेकंदच भाजायची, वास सुटेपर्यंत. काळा डाग पडला की कडू, आणि तो कडवटपणा साखर, टोमॅटो कशानेही जात नाही. लाल साल्सा जिभेच्या मागच्या बाजूला कडू लागत असेल तर ती याच तव्यावरची घाई आहे.

तिखटाचा अंदाज हवा तर स्कोव्हिल मापावर हालापेन्यो अडीच ते आठ हजार, आणि युकातानची लाडकी हाबानेरो एक लाख ते साडेतीन लाख. म्हणजे टेबलावरची ती निरागस केशरी वाटी. जीभ भाजली तर पाणी पिऊन उपयोग नाही. मिरचीतलं तिखट द्रव्य, कॅप्सेसिन, पाण्यात विरघळत नाही. दूध, साय किंवा चीज घ्यावं, त्यातलं केसिन हे प्रथिन आणि स्निग्धांश काम करतात. मिरचीच्या बिया काढल्या म्हणजे तिखटपणा गेला हेही अर्धसत्यच. तिखट साठतं ते बियांना धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या शिरेत.

ग्वाकामोले, म्हणजे अवोकाडोची चटणी, यावर फार लिहीत नाही. कांदा, मिरची, कोथिंबीर आणि मीठ आधी दगडी खलात वाटावं, त्यावर अवोकाडो जाडसर चुरावा, लिंबू शेवटी. गुळगुळीत पेस्ट आली तर मिक्सर फिरलाय. त्यात कोय ठेवली की ते काळं पडत नाही, ही निव्वळ समजूत. कोय जेवढा भाग झाकते तेवढाच हिरवा राहतो.

एंचिलादा मागवली तर कडा पाहाव्यात. टॉर्टिया आधी गरम तेलात आठ-दहा सेकंद बुडवून काढायची, मग साल्सात, मग भरायची. तेलाचा तो पातळ थर रस्सा आत शिरू देत नाही. वेळ वाचवायला हा टप्पा गाळला की ताटात येतो तो लगदा, आणि वर वितळलेल्या चीजची चादर पसरून तो लपवला जातो. शेजारी घोटलेलं बीन्स असतं, ‘फ्रिहोलेस रेफ्रितोस’. नावावरून दोनदा तळलेलं वाटतं, पण स्पॅनिशमध्ये इथला ‘रे’ म्हणजे ‘चांगलं, भरपूर’. शिजवलेलं बीन्स एकदाच, पण नीट परतलेलं. उत्तरेत पिंतो, दक्षिणेकडे काळं, आणि त्या काळ्यात एपासोते नावाच्या उग्र पाल्याचा वास आला तर स्वयंपाकी दक्षिणेकडचा असावा असा अंदाज बांधायला हरकत नाही.

मोले मिळत असेल तर एखाद्या वेळी जरूर घ्यावा. ‘चॉकलेटचा रस्सा’ अशी त्याची बदनामी झाली आहे. पुएब्लाच्या मोलेत वीसहून अधिक जिन्नस असतात: तीन-चार प्रकारच्या मिरच्या, तीळ, बदाम, मनुका, तळलेली टॉर्टिया, दालचिनी, लवंग. चॉकलेट त्यात कडवटपणा आणि रंग जमवण्यापुरतं. गोड मोले म्हणजे हात सैल सुटलेला मोले.

फाहिता (भाजलेल्या मांसाच्या पट्ट्या), नाचोज (चीज घातलेले टॉर्टियाचे तुकडे), बर्फाळ मार्गारिता (टकीलाचं कॉकटेल) ही मंडळी टेक्सास आणि सीमेवरची. नाचोजचं नाव इग्नासिओ ‘नाचो’ आनाया या माणसावरून पडलं. १९४० च्या दशकात सीमेवरच्या पिएद्रास नेग्रास गावात त्याने पलीकडून आलेल्या पाहुण्या बायकांना हाताशी होतं त्यातून ती बशी करून दिली. मार्गारिता गोठवण्याचं यंत्र १९७१ मध्ये डॅलसच्या एका रेस्टॉरंटमालकाने आइस्क्रीमच्या यंत्रातून बनवलं. ते आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. याला ‘खोटं मेक्सिकन’ म्हणून हिणवण्यात काही शहाणपण नाही. तो वेगळा स्वयंपाक आहे, त्याचे नियम वेगळे. फक्त फाहिताच्या चरचरणाऱ्या तव्याला भुलू नये. तो आवाज आणि धूर बहुतेकदा दारातून बाहेर पडताना तापलेल्या बिडावर मारलेल्या पाण्याच्या किंवा लिंबाच्या हबक्याचा असतो. बघायचं ते मांस कसं कापलंय: रेषांना आडवं कापलं असेल तर मऊ, रेषांच्या दिशेने कापलं असेल तर दोरखंड.

मांस न खाणाऱ्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात, कारण त्या मेन्यूत लिहिलेल्या नसतात. भात कोंबडीच्या पाण्यात शिजवला आहे का? बीन्स डुकराच्या चरबीत परतलंय का? गव्हाच्या टॉर्टियात चरबी आहे का? या तिन्हींतून पार पडल्यावरही खायला पुष्कळ उरतं. भाजलेल्या पोब्लानोच्या पट्ट्या सायीत घोळवलेल्या ‘राहास’, निवडुंगाचे कोवळे पंजे, भोपळ्याची फुलं, आणि हंगामात असेल तर ‘वित्लाकोचे’, म्हणजे मक्याच्या कणसावर वाढणारी करड्या रंगाची बुरशी. दिसायला भयंकर, चवीला भिजक्या मातीची आणि अळंबीची. तिची केसादिया, म्हणजे सारण भरून दुमडून भाजलेली टॉर्टिया, मागवताना चीज घालायचं का ते सांगायला विसरू नये. मेक्सिको सिटीत केसादियात चीज असतंच असं नाही, आणि नावातच चीज (स्पॅनिशमध्ये ‘केसो’) असताना हे कसं काय, यावर तिथे रोज वाद होतात.

रविवारी सकाळी गेलात तर मेन्यूच्या पाठीमागे किंवा भिंतीवरच्या फळ्यावर बघा. पोसोले, मेनुदो, बार्बाकोआ, बिर्रिया असे रात्रभर शिजणारे पदार्थ बरेचदा आठवड्याच्या शेवटीच होतात आणि संपले की संपले. पोसोलेत फुललेल्या मक्याचे दाणे दिसतील, चुन्यातून निघालेले, टोकं खुडल्यामुळे फुलासारखे उमललेले. दाणा दाताखाली दबला पाहिजे, पण पिठूळ होता कामा नये.

बिल मागितल्याशिवाय येत नाही. ‘ला क्वेंता, पोर फावोर’ (बिल आणा, कृपया) म्हणेपर्यंत ते आणून ठेवणं मेक्सिकोत उद्धटपणाचं मानतात. त्या मधल्या वेळात ताटलीकडे बघावं. टाकोखाली बहुधा दोन टॉर्टिया असतात, लहान आणि पातळ. रसाने एक फाटली तर दुसरी सांभाळून घेते. जाणकार वरची भरून खातात आणि खालची ताटलीतच ठेवतात. आता तिच्यावर सांडलेलं मांस असेल, कांद्याचे चार कण, कोथिंबीर, उरलेली लिंबाची फोड. ती पिळायची, हिरव्या साल्साचे दोन थेंब टाकायचे आणि टॉर्टिया दुमडायची.